बर्कलीत नवे आहात? कॅलचं फुटबॉल, एसीसी आणि फॉल्टवरचं स्टेडियम कसं समजून घ्याल

ऑगस्टमध्ये बर्कलीत येऊन राहिलं की महिन्याभरात दोन तक्रारी हमखास कानावर पडतात. एक, 'आपण अटलांटिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसी या विद्यापीठांच्या लीगमध्ये, कशाला गेलो?' आणि दुसरी, 'त्या स्टेडियमचं कर्ज कधी फिटणार?' बहुतेक जण हे दोन वेगळे वाद समजतात. माझ्या मते हा एकच हिशेब आहे, आणि तो एका वहीत वाचला तरच कळतो. नव्या माणसाला सोपा जाईल असा क्रम खाली देतो. आकडे मुद्दाम मध्ये ठेवले आहेत, आधी पाय मोकळे करू.

1. नावं लावून घ्या

यूसी बर्कलीला खेळाच्या मैदानावर सगळे 'कॅल' म्हणतात. संघ गोल्डन बेअर्स, रंग निळा आणि सोनेरी. खाडीपलीकडचं स्टॅनफर्ड हे जुनं हाडवैरी. त्यांच्याशी दरवर्षी होणारी मॅच म्हणजे 'बिग गेम', आणि जिंकणाऱ्याकडे वर्षभर एक कुऱ्हाड राहते. फुटबॉल अर्थातच अमेरिकन. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउनचे सहा गुण. सुरुवातीला एवढं पुरतं.

निर्णय कोण घेतं हेही आत्ताच पाहून ठेवा. कॅम्पसचा प्रमुख चान्सलर, आणि त्याच्या वर यूसीच्या दहाही कॅम्पसचं नियामक मंडळ, म्हणजे रीजंट्स. लॉस एंजेलिसचं यूसीएलए याच रीजंट्सच्या अखत्यारीत येतं. ही गोष्ट पुढे फार कामाला येते.

2. मॅच नसताना स्टेडियमला चक्कर मारा

बार्ट या लोकल रेल्वेच्या डाउनटाउन बर्कली स्टेशनवर उतरा आणि बँक्रॉफ्ट वेने टेकडीकडे चालत राहा. चढ आहे, वीस-पंचवीस मिनिटं धरून चला. रस्त्याच्या टोकाला इंटरनॅशनल हाऊस लागतं. आपल्याकडची कितीतरी मुलं पहिलं वर्ष तिथे काढतात. तिथून थोडं पुढे कमानींची उंच काँक्रीटची भिंत दिसते, ते कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम. हास बिझनेस स्कूल त्याला लागूनच आहे, त्यामुळे एमबीएची मुलं रोज याच्या सावलीतून जातात आणि तरीही नीट बघत नाहीत.

1923 साली ते उघडलं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या माणसांचं हे स्मारक, वास्तुरचनाकार जॉन गॅलन हॉवर्ड. पूर्वेकडची बाजू स्ट्रॉबेरी कॅन्यनच्या उतारावर टेकलेली आहे, पश्चिमेकडची जमिनीवरून उभी केलेली. दरीच्या तोंडाशी स्टेडियम नको, असं म्हणणारे तेव्हाही होते.

आता मुख्य गोष्ट. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली सरकती भेग, या स्टेडियमच्या खालून, जवळजवळ एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत, लांबीनं जातो. या फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप 21 ऑक्टोबर 1868 चा. पण भूकंप नसतानाही तो गप्प बसत नाही, वर्षाला काही मिलिमीटर सरकतच असतो. 1923 पासूनच्या या सरकण्यानं स्टेडियमच्या दोन बाजू एकमेकींपासून सुमारे फूटभर हलल्या. केके विभागापाशी भिंतीत पडलेली फट बघायला भूशास्त्राचे वर्ग मुद्दाम यायचे.

नूतनीकरणात अभियंत्यांनी यावर जो उपाय केला, तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. फॉल्ट जिथे प्रेक्षकांच्या गोल बैठकीच्या, म्हणजे वाडग्याच्या, कडेला छेदतो, तिथले दोन्ही टोकांचे भाग बाकी बांधकामापासून सुटे केले. हे ठोकळे वाळूच्या आणि प्लॅस्टिकच्या थरांवर बसवले आहेत. खालची जमीन सुमारे सहा फूट आडवी सरकली तरी ठोकळा आपापला फिरेल, घसरेल, पण शेजारच्या भागाला ओढून पाडणार नाही, असा तो हिशेब. बाहेरून चालताना भिंतीतल्या त्या जोडांपाशी थांबा. वरपासून खालपर्यंत एक सरळ रुंद सांधा दिसतो, बाकी भिंत शंभर वर्षांची आणि हा सांधा कालचा. अख्ख्या वादाचं कारण त्या सांध्यात आहे.

फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट जाता जाता. हाच फॉल्ट दक्षिणेकडे तुमच्या गावातूनही जातो. घर भाड्याने घेण्याआधी राज्याचे फॉल्टचे नकाशे पाहून घ्या, ते सगळ्यांना खुले आहेत.

3. झाडांची गोष्ट ऐका, कारण ती अजून विसरली गेलेली नाही

नवीन माणसाला बर्कलीत कुणीतरी ओकच्या झाडांबद्दल सांगतंच. 2006 मध्ये विद्यापीठानं स्टेडियमच्या पश्चिमेला खेळाडूंसाठी मोठं प्रशिक्षण केंद्र बांधायचं ठरवलं. तिथे ओक वृक्षांची राई होती. 2 डिसेंबर 2006 रोजी, बिग गेमच्या दिवशी, लोक झाडांवर चढून बसले आणि 9 सप्टेंबर 2008 रोजी शेवटची माणसं खाली आली. एकवीस महिने. शहरातल्या झाडांवरचं इतकं लांबलेलं आंदोलन क्वचितच कुठे झालं असेल.

झाडांच्या गोंगाटात कोर्टातला मुद्दा मात्र मागे पडला आणि तोच समजून घेण्याजोगा आहे. बर्कली शहर, पॅनोरॅमिक हिल भागातल्या रहिवाशांची संघटना आणि ओक वाचवणारी संस्था कोर्टात गेल्या. त्यांचा आधार होता ॲल्क्विस्ट-प्रिओलो कायदा. सक्रिय फॉल्टवर नवीन इमारत बांधता येत नाही, आणि जुन्या इमारतीत बदल करायचे तर त्यांचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये, असं तो सांगतो. मग पेच असा पडला की ऐंशी वर्षांच्या, भेगाळलेल्या स्टेडियमची किंमत धरायची किती? आणि प्रशिक्षण केंद्र ही वेगळी इमारत की स्टेडियमचीच वाढ? शेवटी कोर्टानं विद्यापीठाला मार्ग मोकळा करून दिला आणि झाडं गेली.

विरोध करणारे सगळे खुळे होते असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. फॉल्टवर हजारो माणसं बसवायची का, हा प्रश्न रास्तच होता. आणि स्टेडियम जुन्या अवस्थेत ठेवणं हा पर्याय त्याहून धोक्याचा होता, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंना जीव महत्त्वाचा वाटत होता. पुढे जे बिघडलं ते पैशात.

4. आता आकडे

चहा घेऊन बसा. स्टेडियमच्या नूतनीकरणाचा खर्च सुमारे 32.1 कोटी डॉलर. प्रशिक्षण केंद्र धरून एकूण 47.4 कोटी डॉलर. 2011 चा हंगाम संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळला आणि 1 सप्टेंबर 2012 ला घरी परतला. मधल्या काळात पश्चिमेचा वाडगा जुन्या भिंतीच्या आत नव्यानं बांधून झाला होता.

पैसा उभा केला कर्जरोख्यांतून, आणि ते फेडायची योजना अशी होती. सुमारे तीन हजार उत्तम जागांचे चाळीस ते पन्नास वर्षांचे हक्क विकायचे. एका जागेचा भाव 40 हजारांपासून सव्वादोन लाख डॉलरपर्यंत. यातून 27 कोटी डॉलर जमतील, ते गुंतवायचे आणि व्याजातून हप्ते भागवायचे. कागदावर हे झकास दिसत होतं. पण विक्री सुरू झाली आणि 2008 ची मंदी आली, संघाची कामगिरी घसरली, घेणारे मागे सरले. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, कर्ज मात्र होतं तसंच राहिलं. वर्षाला सुमारे 1.8 कोटी डॉलर नुसतं व्याज, आणि मुद्दल फेडायला सुरुवात 2032 पासून.

मैदानाच्या नावाचे हक्क विकूनही पाहिले. 2013 मध्ये काबाम या गेम कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला, तो मध्येच संपला. 2021 मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी दहा वर्षांचा केला आणि 2022 च्या नोव्हेंबरात कंपनीच दिवाळखोरीत गेली.

शेवटी कॅम्पसनं कर्जाचा जवळपास निम्मा भार, म्हणजे भूकंपसुरक्षेचा भाग, खेळविभागाच्या डोक्यावरून उचलून स्वतःकडे घेतला. यावर प्राध्यापकांत नाराजी आहे, पण मला हा निर्णय बरोबर वाटतो. भूकंपापासून इमारत वाचवणं ही जबाबदारी संस्थेची असते, त्यासाठी संघानं तिकिटं विकावीत ही अपेक्षा चूक होती. चूक मुळात झाली ती भरवशात. न विकलेल्या खुर्च्यांच्या जोरावर पुढच्या पिढीच्या नावे एवढं कर्ज काढायला नको होतं.

याच काळातली आणखी एक गोष्ट फार सांगितली जात नाही. सप्टेंबर 2010 मध्ये, स्टेडियमचं काम सुरू होत असताना, पैसे नाहीत म्हणून कॅलनं बेसबॉल, जिम्नॅस्टिक्स, महिलांचं लॅक्रोस असे संघ बंद करायचं किंवा दर्जा उतरवायचं जाहीर केलं. माजी खेळाडू आणि पालकांनी देणग्या गोळा केल्या आणि संघ वाचवले. ज्या बेसबॉल संघाला बंद करायला निघाले होते, तोच संघ जून 2011 मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय अंतिम फेरीला, पोचला. फुटबॉलचं कर्ज वाढलं की आधी कुणाचं ताट रिकामं होतं, ते इथे दिसतं.

5. कॉन्फरन्स म्हणजे काय, आणि जुनी कशी मोडली

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची लीग. एकमेकांशी खेळायचं, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, पैसे वाटून घ्यायचे. पूर्वी हे सगळं भूगोलावर चालायचं. 1915 मध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापन झाली तेव्हाच्या चार विद्यापीठांपैकी कॅल एक. नावं आणि सदस्य बदलत हीच परंपरा पॅक-12 या पश्चिमेकडच्या लीगपर्यंत आली.

30 जून 2022 ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी 2024 पासून बिग टेन या दुसऱ्या लीगमध्ये जाण्याचं जाहीर केलं. कारण उघड होतं, तिकडे टीव्हीचा पैसा कितीतरी जास्त. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर पॅक-12 ला चांगला करार मिळेना. 2023 च्या जुलैअखेर कोलोरॅडोनं बिग 12 या आणखी एका लीगचा रस्ता धरला. पॅक-12 च्या हातात सामने दाखवण्यासाठी अॅपलचा प्रस्ताव होता, तोही प्रेक्षक किती वर्गणी भरतात त्यावर बराचसा अवलंबून. 4 ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 मध्ये. मागे राहिले चार संघ: कॅल, स्टॅनफर्ड, ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट. शंभराहून अधिक वर्षांची लीग आठ-नऊ दिवसांत मोडली. त्या दिवसांत बर्कलीतल्या जुन्या लोकांचे चेहरे उतरलेले होते, आणि मला ते पूर्ण समजतं.

6. एसीसीच्या अटी वाचा

1 सप्टेंबर 2023 ला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे एसीसीच्या, पंधरा सदस्यांनी मतदान केलं. बारा मतं लागत होती आणि बाराच पडली. क्लेमसन, फ्लोरिडा स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात होते. कॅल, स्टॅनफर्ड आणि डॅलसचं एसएमयू विद्यापीठ आत आले, 2024 च्या हंगामापासून.

किंमत मात्र मोजावी लागली. कॅल आणि स्टॅनफर्ड यांना पहिली सात वर्षं टीव्हीच्या मुख्य उत्पन्नातला फक्त 30 टक्के वाटा मिळतो, आठव्या वर्षी 70 टक्के, नवव्या वर्षी 75, आणि पूर्ण वाटा दहाव्या वर्षापासून. म्हणजे ज्या काळात स्टेडियमचं मुद्दल फेडायची वेळ येते, त्याच्या तोंडावर कॅल अजून तुटपुंज्या वाट्यावर असेल. दोन वह्या एकत्र का वाचायच्या म्हणतो, ते इथे स्पष्ट होईल.

मग ही अट स्वीकारली कशी? डोक्यावर एवढं कर्ज असलेल्या खेळविभागाला टीव्हीवर न दिसण्याची चैन परवडणारी नव्हती. फुटबॉलचं दुकान बंद केलं असतं तरी व्याज चालूच राहिलं असतं. स्टेडियमनं कॅलचे हात बांधले आणि ते बांधलेले हात घेऊन कॅल एसीसीच्या दारात गेलं.

आता रीजंट्स आठवा. यूसीएलए बाहेर पडल्यानं कॅलचं नुकसान झालं आणि दोघांचं मालक मंडळ एकच. म्हणून मे 2024 मध्ये रीजंट्सनी ठरवलं की यूसीएलएनं कॅलला पहिली तीन वर्षं दरसाल 1 कोटी डॉलर द्यावेत, नंतर फेरविचार. स्थानिक लोक याला गमतीनं 'कॅलिमनी' म्हणतात, म्हणजे कॅलला मिळणारी पोटगी (ॲलिमनी).

7. ओझं कुणाच्या खांद्यावर आहे ते बघा

फुटबॉलचा संघ हंगामात पूर्वेकडे मोजक्याच वेळा जातो, तोही खास विमानानं, आणि मॅच शनिवारी किंवा त्याच्या आसपास. खरी ओढाताण व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, टेनिसच्या मुलामुलींची होते. बर्कली ते बॉस्टन चार हजार किलोमीटरांहून जास्त, घड्याळात तीन तासांचा फरक, आणि सोमवारी केमिस्ट्रीची लॅब. काही स्पर्धा डॅलससारख्या मधल्या ठिकाणी घेऊन प्रवास कमी करतात, वॉटरपोलोसारखे काही खेळ पश्चिमेकडच्याच वेगळ्या लीगमध्ये राहिले आहेत. तरी भार आहेच. तुम्ही ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर असाल, तर वर्गातल्या एखाद्या खेळाडूनं प्रवासाचं पत्र आणलं की त्याला परीक्षेची दुसरी वेळ मनापासून द्या. हे वेळापत्रक त्यानं निवडलेलं नाही.

2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसेही देता येतात, पहिल्या वर्षी मर्यादा सुमारे 2 कोटी डॉलर. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळतोय हे योग्यच आहे. पण कमी वाट्यावरच्या विद्यापीठाला ही स्पर्धा जड जाते. 2024 च्या बिग गेममध्ये विजयी टचडाउनचा पास टाकणारा फर्नांडो मेंडोझा नंतर इंडियानाला गेला आणि 2025 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्यानं तिथे जिंकली.

8. एक मॅच बघाच

कर्जाचं एवढं वाचल्यावर मन खट्टू झालं असेल, म्हणून हे सांगतो. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, बार्टनं या. पिशवी पारदर्शक असली तरच आत सोडतात, पाठीवरची लॅपटॉपची सॅक घरीच ठेवा. विद्यार्थ्यांच्या जागा पूर्वेकडे आहेत, तिथे दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं, टोपी हवीच. सूर्य कलला की समुद्राकडून गार वारा सुटतो, तेव्हा जॅकेट लागतं. पूर्वेच्या वरच्या रांगांतून खाडी आणि पलीकडे सॅन फ्रान्सिस्को दिसतं. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून सुंदर जागा मला माहीत नाही.

तिकीट काढायचं नसेल तर स्टेडियमच्या पूर्वेला टाइटवॉड हिल आहे. तिथे टेकडीवर बसून लोक कित्येक पिढ्या फुकट मॅच बघत आले आहेत. कॅलनं गुण मिळवले की टेकडीवरची तोफ उडते, शेजारी लहान मूल असेल तर कान झाकायला आधीच सांगा.

जुन्या प्रेक्षकाशेजारी जागा मिळाली तर 20 नोव्हेंबर 1982 बद्दल विचारा. याच मैदानावर शेवटच्या चार सेकंदांत पाच वेळा चेंडू मागे टाकत, मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्या बँडमधून वाट काढत कॅलनं 25-20 अशी बिग गेम जिंकली. नव्या काळातलं विचारायचं तर 5 ऑक्टोबर 2024. एसीसीतला घरचा पहिला सामना, मायामीविरुद्ध. ईएसपीएनचा गेमडे हा कार्यक्रम पहिल्यांदाच बर्कलीत आला होता, विद्यार्थी पहाटेपासून जमले होते. कॅल 35-10 असं पुढे होतं आणि 39-38 असं हरलं. त्या रात्री हरूनही स्टेडियम भरलेलं राहिलं. एसीसीत जाण्यानं काहीच मिळालं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी ती रात्र दाखवतो.

9. पुढे कशावर लक्ष ठेवायचं

तीन तारखा डायरीत लिहून ठेवा. 2026-27 संपताना यूसीएलएच्या पैशांचा फेरविचार येईल. 2030-31 पर्यंत एसीसी सोडण्याचा दंड टप्प्याटप्प्यानं 16.5 कोटींवरून 7.5 कोटी डॉलरवर येतो. 2025 मध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्याशी झालेल्या समझोत्यातून हे ठरलं, त्यामुळे त्या सुमारास मोठे संघ पुन्हा हलतील अशी शक्यता दाट आहे. आणि 2032 ला मुद्दलाचे हप्ते.

बातम्यांसाठी विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र 'द डेली कॅलिफोर्नियन' वाचत जा, कॅम्पसच्या बाजूनं आणि विरोधात दोन्ही तिथे छापून येतं. रीजंट्सच्या बैठकांचे विषय आधी जाहीर होतात आणि नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. व्हिसावर असाल तरी तिथे बोलता येतं, मतदार असण्याची अट नाही. आधी नाव नोंदवायचं, मिळतील त्या एक-दोन मिनिटांत एकच मुद्दा मांडायचा. फुटबॉलचा खर्च हा विषय असेल तर लहान खेळांचं काय होणार, एवढंच विचारा. उत्तर लगेच मिळत नाही, पण प्रश्न इतिवृत्तात राहतो.